पाठवणाऱ्याकडे परत

टपालकाकांच्या अंगणाचे आठ खण होते. फाटकापासून मोजायला सुरुवात करायची, डावीकडून उजवीकडे जायचं, की मागच्या भिंतीशी आठवा खण संपायचा. दुसऱ्या कुणाला तिथे जमिनीत ठोकलेल्या चार-सहा खुंट्यांपलीकडे काही दिसत नसे. काकांना खणांच्या रेघा स्वच्छ दिसत. टपाल खात्यात छत्तीस वर्षं सॉर्टर म्हणून उभ्यानं काढलेल्या माणसाला मोकळ्या जागेतही कप्पेच दिसतात.

पानगळ सुरू झाली की रोज सकाळी सातला काका दाताळं घेऊन बाहेर पडत. प्रत्येक खणाला एक पोतं, पोत्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर खणाचा आकडा. एका खणाचा पाचोळा दुसऱ्याच्या पोत्यात गेला, असं आजवर झालं नव्हतं. दर गुरुवारी दुपारी तीनला नगरपालिकेची पाचोळ्याची गाडी येई. तेव्हा आठ पोती फाटकाबाहेर आकड्यांच्या क्रमानं उभी असत. गाडीवाला ती क्रम न बघता वर फेकायचा. काका तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे.

"मेल्यानंतर यांना वर नेतील ना," त्यांची मेहुणी म्हणायची, "तर हे आधी विचारतील, माझा कप्पा कुठला."

मेहुणी रेल्वेत तिकीट तपासनीस होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण समोरच्याच्या चेहऱ्याकडे आधी आणि हाताकडे नंतर बघायची सवय गेली नव्हती. पंधरा दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आली होती आणि आता तिसरा आठवडा चालू होता.

त्या गुरुवारी सकाळी पावणेदहाला काकूंनी आपल्या टेबलाचा खण उघडला, त्यातली छोटी निळी डबी काढली, झाकण उघडलं आणि झाकण तसंच उघडं ठेवून हाक मारली.

"अहो."

त्या हाकेत काही कमीजास्त नव्हतं. काकू परिचारिकांच्या महाविद्यालयात तीस वर्षं शिकवत होत्या आणि प्रसूतिगृहात कुणी ओरडलं तर पहिल्यांदा ओरडणाऱ्याला बाहेर काढत. काका आत आले. डबी रिकामी होती. डबीत असायला हवं होतं ते कानातलं मशीन. राजम्याच्या दाण्याएवढं, तपकिरी, उजव्या कानाचं. डाव्या कानानं काकूंना जेमतेम ऐकू येई आणि उजव्यानं मशीनशिवाय त्याहून कमी.

एरवी ही गोष्ट त्रासाची होती, इतकंच. पण दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी नऊला, काकू तोंडी परीक्षा घेणार होत्या. बेचाळीस मुली, प्रत्येकीला सात मिनिटं.

गेल्या वर्षी याच परीक्षेत एक हळू बोलणारी मुलगी काकूंसमोर बसली होती. तिनं बरोबर उत्तर दिलं. काकूंना ते ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मुलीला वाटलं आपलं चुकतंय, आणि तिनं उत्तर बदलून चुकीचं दिलं. तेवढं मात्र काकूंना नीट ऐकू आलं. शेजारी बसलेल्या परीक्षकानं नंतर खरं काय झालं ते सांगितलं. काकूंनी गुण दुरुस्त केले, घरी येऊन जेवल्या नाहीत, आणि आठवड्याभरात कानाचा साचा देऊन मशीन करून घेतलं. प्राचार्यांनी यंदा फोन करून गोड आवाजात विचारलं होतं, "या वर्षी विश्रांती घेताय का, बाई?" काकूंनी सांगितलं होतं, "गेल्या वर्षीसारखं होणार नाही. झालं तर मी स्वतः उठून जाईन आणि पुन्हा येणार नाही."

नवं मशीन मिळायला दहा दिवस लागणार होते, कारण साचा पुन्हा घ्यावा लागला असता.

"शेवटचं कधी घातलं होतंस?" काकांनी काकूंच्या समोर उभं राहून, ओठ नीट दिसतील असं विचारलं.

"काल चारला. बाकावर बसून हिच्याबरोबर प्रश्नांचा सराव केला. उकडायला लागलं म्हणून मफलर काढला. नंतर आत आले. घरात मी घालत नाहीच. डबीत असेल असं धरून चालले."

"मफलरबरोबर निघालं असणार," मेहुणी दारातून म्हणाली. "माझे झुमके असेच जातात."

बाक पाचव्या खणात होता. काकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. काल चारनंतर पाचव्या खणात एकदाच दाताळं फिरलं होतं, आज सकाळी. तो पाचोळा पाचव्या पोत्यात होता, आणि तोही वरच्या थरात.

"अर्ध्या तासात देतो," काका म्हणाले. "छत्तीस वर्षांत माझ्या हातून एक पाकीट गहाळ नाही झालं. हे तर माझ्याच अंगणातलं आहे."

काकूंना अर्धं ऐकू आलं, पण स्वर कळला. त्यांनी मान हलवली आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या घेऊन खिडकीशी बसल्या. नवऱ्याच्या शोधण्यावर त्यांचा विश्वास होता. बाकी बऱ्याच गोष्टींवर नव्हता, पण शोधण्यावर होता.

काकांनी पांढरी चादर अंगणात पसरली आणि पाचव्या पोत्याचा वरचा थर तिच्यावर काढला. पानं सगळी एकाच झाडाची होती, त्यांच्या स्वतःच्या. लहान, पिवळी, अंड्याच्या आकाराची. एकेक पान डाव्या हातानं उचलायचं, उलटं करायचं, उजवीकडे ठेवायचं. त्यांचे हात पत्रं लावताना चालायचे तसे चालू लागले, आणि मेहुणीलाही मनातल्या मनात मानावं लागलं की म्हाताऱ्याच्या बोटांत अजून जादू आहे. ती समोर स्टूल टाकून बसली.

"ते मशीन मुठीत धरलं की शिट्टी मारतं ना, भाऊजी? परवा ताईच्या पर्समध्ये वाजत होतं. दुकानात सगळे माझ्याकडे बघत होते."

"मारतं. कशात दाबलं गेलं की मारतं."

"मग पोत्यात दाबलेलं असेल तर वाजायला नको?"

काका थांबले. हे त्यांच्याही डोक्यात आलं होतं. त्यांनी पाचव्या पोत्याला कान लावला. मग मेहुणीनं लावला.

"माझे कान शाबूत आहेत," ती म्हणाली. "पोतं गप्प आहे."

"बॅटरी संपली असेल."

"असेल," मेहुणी म्हणाली. गाडीत कुणी 'तिकीट बहुतेक खाली पडलं' असं सांगितलं की ती हाच शब्द याच चालीत म्हणत असे.

सव्वाअकराला पाचवं पोतं तळापर्यंत रिकामं झालं. त्यात एक बटण, एक बाटलीचं बूच आणि मेहुणीचा गेल्या आठवड्यात हरवलेला एक झुमका निघाला. मशीन नव्हतं. वारा लागून शेजारच्या खणात गेलं असेल म्हणून काकांनी चौथं पोतं घेतलं, मग सहावं. मध्ये काकूंनी दोघांना ताटं बाहेर आणून दिली आणि काही विचारलं नाही. आतून त्यांचा आवाज येत राहिला. त्या स्वतःलाच प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरं जरा जास्तच मोठ्यानं देत होत्या, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही अशी माणसं देतात तशी.

एक वीसला सहावं पोतंही संपलं. काका सरळ उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवून त्यांनी खुंट्यांकडे एकवार नजर फिरवली. हिशेब कुठेच चुकत नव्हता. काल चार वाजता वस्तू पाचव्या खणात पडली. आज सातला त्या खणातलं सगळं उचललं गेलं.

"भाऊजी, एक विचारू?" मेहुणी म्हणाली.

"विचार."

"खणातलं सगळं पोत्यातच जातं ना?"

"सगळं."

हे उत्तर द्यायला काकांना एक क्षण लागला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नसता, पण मेहुणीनं हयातभर अशा क्षणांवरच पगार घेतला होता. ती स्टुलावरून उठून भिंतीपाशी गेली. काकांच्या आणि शेजाऱ्यांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं मोठं झाड होतं. त्याची पानं हाताच्या पंजाएवढी, लालसर, पाच बोटांची. फांद्या निम्म्या काकांच्या अंगणावर आलेल्या होत्या. या क्षणीही दोन पंजे काकांच्या बाकावर पडलेले होते.

"एवढी मोठी पानं," मेहुणी म्हणाली. "आपण सकाळपासून तीन पोती उपसली. त्यात असलं एकही पान मला दिसलं नाही. ती कुठे जातात?"

काका खाली बसले. बाकावर, त्या दोन पानांशेजारी.

गोष्ट अशी होती. गेल्या वर्षी याच दिवसांत काका शेजाऱ्यांकडे गेले होते आणि म्हणाले होते की तुमच्या झाडाची पानं आमच्याकडे पडतात. शेजारी वाद्यं दुरुस्त करत. गल्लीत त्यांना वाद्यवाले म्हणत. ते एका व्हायोलिनच्या पोटात आरसा घालून बघत होते. मान वर न करता म्हणाले, "पानांवर नाव-पत्ता नसतो, साहेब." त्यावर काका परत आले होते आणि त्या दिवसापासून दोन घरांतलं बोलणं थांबलं होतं.

काकांना ते वाक्य झोंबलं होतं. नाव-पत्ता नसलेली पाकिटं त्यांनी हजारोंनी मार्गी लावली होती. नुसत्या अक्षराच्या वळणावरून घर ओळखलं होतं. आणि इथे तर पानाचा आकारच पत्ता सांगत होता. यंदा पानगळ सुरू झाली तशी त्यांनी रोज सकाळी पाच बोटांची पानं वेगळी काढायला सुरुवात केली. खुणेचा कोपरा ठरवला, वाद्यवाल्यांच्या सामानाच्या खोलीमागचा. सव्वासातला, वाद्यवाले उठायच्या आत, भिंतीवरून पलीकडे सोडायची. पाठवणाऱ्याकडे परत. तीन आठवडे एक दिवस चुकला नव्हता. यात आपण काही चुकीचं करतोय असं त्यांना वाटलं नव्हतं. बरोबर टपाल बरोबर घरी जातंय, एवढंच वाटलं होतं.

त्यांनी बाकावरचं एक पान उचललं. वाळून ते आतल्या बाजूला वळलं होतं, मूठ अर्धवट मिटावी तसं. राजम्याचा दाणा त्यात सहज बसला असता. आज सकाळी पाचव्या खणात अशी वीसेक पानं होती, आणि ती त्यांनी न उलटता, ओंजळीनं उचलली होती. परत पाठवायच्या टपालाकडे फार बघायचं नसतं.

त्यांनी मेहुणीला सगळं सांगितलं. 

"ताईला सांगू?"

"आधी आणतो. मग मीच सांगतो."

"पावणेदोन झालेत," मेहुणी म्हणाली. "वाद्यवाल्यांची पोती सकाळीच फाटकाबाहेर लागलीत. मोजलीत मी, नऊ आहेत. एकावरही चिठ्ठी नाही."

काका वर्षभरानं शेजारच्या फाटकातून आत गेले. दार उघडंच होतं. खोलीत सरसाचा वास होता. भिंतीवर व्हायोलिनं मानेला टांगलेली, टेबलावर एक तंतुवाद्य पोट उघडून पडलेलं आणि त्याच्या बाजूला चिमटे, कानस, भुशाची वाटी. वाद्यवाले मात्र कामावर नव्हते. ते स्टुलावर उभे राहून खिडकीच्या चौकटीत बोळे कोंबत होते.

"कोण?" त्यांनी वळून पाहिलं आणि काकांना बघून बोळा हातातच राहिला.

"जरा काम होतं."

"माझंही आहे," वाद्यवाले म्हणाले. "तुम्हाला काही ऐकू येतंय?"

काकांनी कान दिला. "नाही."

"नळ बंद केला. फ्रिज बंद केला. आता खिडकी बुजवतोय. सकाळी साडेनऊपासून कुठेतरी एकच सूर वाजतोय. बारीक, वरच्या पट्टीत, आणि जरा उतरलेला. चढलेला असता तर एक वेळ चाललं असतं. सकाळपासून एक तार लावता आलेली नाही. मुलीला फोन करून सांगितलं तर ती म्हणते, बाबा, हेही डॉक्टरांना सांगू."

"साडेनऊला तुम्ही काय करत होता?"

"पानं भरत होतो. गुरुवार ना आज."

"तो सूर," काका म्हणाले, "माझ्या घरचा आहे."

वाद्यवाले स्टुलावरून उतरले. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बायकोचं मशीन, उद्याची परीक्षा, बाक, पाचवा खण. आणि मग पाच बोटांची पानं, सव्वासात, सामानाच्या खोलीमागचा कोपरा. टपालात तक्रारीचं उत्तर लिहितात तसं, काही न गाळता सांगितलं.

वाद्यवाले चिडतील असं त्यांनी धरलं होतं. वाद्यवाले चिडले नाहीत. त्यांनी हातातला बोळा टेबलावर ठेवला.

"तीन आठवडे?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे."

"रोज?"

"रोज."

"मी रोज संध्याकाळी तो कोपरा झाडतो," वाद्यवाले सावकाश म्हणाले. "रोज सकाळी तिथे ढीग. त्या कोपऱ्यावर फांदी नाही, वारा तिकडे जात नाही. मला वाटलं, मी झाडतच नाही. झाडलं असं मला नुसतं वाटतं. वहीत लिहायला लागलो, आज झाडलं म्हणून. सकाळी वही बघायची आणि ढीग बघायचा. शेवटी मुलीला सांगितलं. तिनं सोमवारची वेळ घेतलीय. डोक्याच्या डॉक्टरांची."

 गेले तीन आठवडे काका सव्वासातला हात झटकून आत जात आणि चहा पीत. भिंतीच्या त्या बाजूला एक माणूस वही घेऊन उभा असेल, हे त्यांच्या कुठल्याच कप्प्यात नव्हतं.

"माझी चूक आहे," ते म्हणाले. "मोठी आहे."

"आहे," वाद्यवाले म्हणाले. मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की काकांना क्षणभर कळेना. ते सुटकेचं हसू होतं. "म्हणजे मी झाडत होतो."

"रोज झाडत होता."

"आणि सूरही खराच आहे."

बाहेर कोपऱ्यावर गाडीचा भोंगा वाजला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडी तीनला यायची, पण ज्या दिवशी यायला नको त्या दिवशी ती लवकर येई.

दोघंही फाटकाकडे निघाले. वाद्यवाले पुढे, काका मागे. नऊ पोती भिंतीला टेकून उभी होती, सगळी सारखी. गाडी दोन घरं अलीकडे आली होती आणि तिचं इंजिन असं खडखडत होतं की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. वाद्यवाल्यांनी पहिल्या पोत्याला कान लावला आणि मान हलवली.

"या गोंगाटात नाही कळणार."

काकांनी रस्त्यात जाऊन गाडीवाल्याला हात केला. "दोन मिनिटं इंजिन बंद करा."

"काका, बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची हमी तुम्ही घेता का?" गाडीवाला वरून म्हणाला. "सकाळी दोनदा ढकललीय."

"मी घेते," मागून मेहुणी म्हणाली. ती आली कधी, हे कुणाला कळलं नव्हतं. फाटकाशी ती दोन्ही हात मागे बांधून उभी होती, पूर्वी डब्याच्या दारात उभी राहायची तशी. "सुरू झाली नाही तर आम्ही तिघं ढकलू. तिघांचं मिळून वय दोनशेच्या पुढे आहे. बघा, तुम्हाला शोभत असेल तर."

गाडीवाल्यानं चावी फिरवली.

गल्ली शांत झाली. वाद्यवाल्यांनी डोळे मिटले आणि पोत्यांच्या रांगेवरून हळूहळू चालत गेले, एकालाही हात न लावता. दुसऱ्यापाशी थांबले, पुढे गेले. सहाव्याच्या पुढे गेले आणि एक पाऊल मागे आले. वाकले.

"हे."

पोत्याचं तोंड सोडून त्यांनी ते आडवं केलं. लाल पंजे रस्त्यावर पसरले. काकांनी गुडघे टेकले. एकेक पान, डाव्या हातानं उचलायचं, उलटं करायचं. ओंजळ या वेळी भरायची नाही. बाराव्या की तेराव्या पानाला त्यांच्या बोटांना वजन लागलं. पान मुठीसारखं वळलं होतं. त्यांनी त्याची बोटं एकेक करून उघडली. आत तपकिरी दाणा होता, आणि आता इतक्या जवळून त्यांच्या सत्तरीच्या कानांनाही ती शिट्टी ऐकू आली.

"उतरलेला आहे की नाही?" वाद्यवाले म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं," काका म्हणाले.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. गाडीवाल्यानं मेहुणीकडे बघून कपाळाला हात लावला.

काकूंनी मशीन फडक्यानं पुसलं, कानात बसवलं, एकदा डोकं हलवून बघितलं. मग समोर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षं परीक्षा घेतलेल्या बाईला समोरच्याला काही सांगायचंय हे वेगळं कळावं लागत नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "कुठे मिळालं?"

काका समोरच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. मेहुणी दाराशी होती. वाद्यवाल्यांच्या वहीपाशी काकांचा आवाज जरा खाली गेला.

"मोठ्यानं," काकू म्हणाल्या. "नाही, राहू दे. ऐकू आलं."

त्यांनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या बाजूला सारल्या. "चूक कोणती?"

"पानं तपासली नाहीत. ओंजळीनं उचलली."

"ती मशीनची. मी दुसरी विचारतेय."

काकांनी विचार केला. "पलीकडे माणूस आहे हे धरलंच नाही. नुसता पत्ता धरला."

"उपाय?"

"उद्यापासून एकही पान पलीकडे जाणार नाही."

"तो आजार थांबवण्याचा उपाय झाला. झालेल्या जखमेचा सांगा."

 काकूंनी घड्याळाकडे बघितलं नाही. विद्यार्थिनी अडली की त्या कधीच बघत नसत. मेहुणीला वाटलं आपण उत्तर सांगावं, पण बहिणीनं नजरेनंच थांबवलं.

काका उठले आणि बाहेर गेले. भिंतीपाशी उभं राहून त्यांनी हाक मारली. वाद्यवाले हातात कानस घेऊन बाहेर आले.

"तुमच्या मुलीचा नंबर द्या."

"कशाला?"

"तुम्ही सांगितलंत तर तिला वाटेल, बाबा डॉक्टर टाळताहेत. मी सांगतो."

वाद्यवाल्यांनी कानस भिंतीवर ठेवली. मग आकडे सांगितले. काकांनी भिंतीवर कोपर टेकून फोन लावला.

"नमस्कार. मी तुमच्या वडिलांच्या शेजारचा. हो, तोच, पानांवरून भांडलेला." पलीकडून काही तरी लांबलचक आलं. काकांनी ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं. तेच सांगायला फोन केलाय. तुमचे वडील काही विसरत नाहीयेत. कोपरा ते रोज झाडतात. रोज सकाळी तिथे पानं मी टाकत होतो. हो, मुद्दाम. एकवीस दिवस." पुन्हा पलीकडून बोलणं. "नाही, त्यांनी मला असं बोलायला सांगितलेलं नाही. माझी मेहुणी साक्षीला आहे, ती कुणाच्या वतीनं खोटं बोलत नाही, पाहिजे तर देतो तिला. आणि तो सूरही खरा होता. मला ऐकू आला."

फोन वाद्यवाल्यांच्या हातात गेला. ते दोन पावलं लांब जाऊन मुलीशी बोलले आणि परत आले.

"सोमवार रद्द?" काकांनी विचारलं.

"नाही. म्हणाली, वेळ घेतलीच आहे तर एकदा दाखवून येऊ. रक्तदाब तरी बघतील." वाद्यवाल्यांनी फोन परत दिला. "पण आता हसत म्हणाली."

काका आत आले तेव्हा काकू पुन्हा चिठ्ठ्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं. आता त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी वर न बघता विचारलं, "चहा कोण करतंय?" काका करायला गेले. पास झालो की नाही, हे त्यांनी विचारलं नाही, आणि काकूंनी निकाल लागायच्या आधी कुणाला गुण सांगितल्याचं आजवर झालेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सातला काका दाताळं घेऊन बाहेर पडले. साडेआठला काकू निघाल्या. आज मफलर घातला नव्हता. मेहुणी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेली आणि एकदा बहिणीचा उजवा कान तपासून परत आली.

नवव्या पोत्याची चिठ्ठी काकांनी रात्रीच लिहून ठेवली होती. पाच बोटांची पानं त्यात चालली होती, एकेक, उलटी करून. भिंतीपलीकडे वाद्यवाले दात घासत उभे होते.

"ती माझी आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या झाडाची आहेत. पडली माझ्याकडे."

"मग मला द्या की. वाळलेली पानं पेटीत वाद्याभोवती भरायला बरी पडतात. पाठवताना धक्का लागत नाही." ते थुंकून परत आले. "पण हातात द्या. कोपऱ्यात नको."

काकांनी नवव्या पोत्याची चिठ्ठी काढली, तिच्यावरचा आकडा खोडून वाद्यवाल्यांचा पत्ता लिहिला आणि पोतं भिंतीवर ठेवलं.

दुपारी तीनला काकू परत आल्या. चपला काढल्या, पाणी प्यायल्या, मशीन कानातून काढून फडक्यानं पुसलं आणि निळ्या डबीत ठेवलं. झाकण लावलं. मेहुणी आणि काका दोघंही स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"बेचाळीस," काकू म्हणाल्या. मशीन काढल्यामुळे जरा मोठ्यानंच. "एकीलाही पुन्हा विचारावं लागलं नाही. एक तर इतकी हळू बोलणारी होती की शेजारच्या परीक्षकानं मला विचारलं, ती काय म्हणाली."

"आणि प्राचार्या?" काकांनी काकूंच्या समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं विचारलं.

"पुढच्या वर्षीची तारीख सांगितली," काकू म्हणाल्या, आणि डबी टेबलाच्या खणात ठेवून खण बंद केला.